बत्तीस रोपं, आठ वाफे : मालदांडीच्या जनुकजाळ्यांची एक तुलना

मे महिन्यातली दुपार होती. सोलापुरात त्या वेळेला कुणी कुणाच्या घरी जात नाही. माझा एक जुना विद्यार्थी मात्र दोन मोठे रंगीत प्रिंट गुंडाळून दारात उभा होता. बी.एस्सी.ला त्याला मी संख्याशास्त्र शिकवलं होतं. आता तो वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करतोय, विषय रब्बी ज्वारी आणि पाण्याचा ताण. पाण्याचा तांब्या संपायच्या आत त्यानं टेबलावर दोन्ही प्रिंट पसरले. "मॅडम, हे डावीकडचं पाणी दिलेल्या ज्वारीचं, हे उजवीकडचं कोरडवाहू. बघा केवढा फरक आहे!"

फरक दिसत होता. एकेक ठिपका म्हणजे एकेक जनुक, आणि जोडीनं वरखाली होणाऱ्या दोन जनुकांमध्ये रेघ. डावीकडे विरळ ठिपके आणि मधूनच एखादी रेघ. उजवीकडे रेघांची दाट गुंतवळ, आणि तिच्यात पाच-सहा ठळक ठिपके, ज्यांच्याकडे चहूबाजूंनी रेघा धावत होत्या. प्रबंधातल्या प्रकरणाचं शीर्षकही ठरलं होतं : 'ताणाखाली जनुकांची नव्याने जुळणी'.

त्या दुपारपासून पुढच्या पेरणीपर्यंत या चित्रांचं काय झालं, ते त्याच्या परवानगीनं इथे सविस्तर मांडतेय. दोन गटांच्या जनुकजाळ्यांची तुलना आता लहान महाविद्यालयांतही होऊ लागली आहे. चित्र काढायला संगणकाला दोन मिनिटं लागतात. चूक झालेली असते ती बहुतेक वेळा चित्राच्या कितीतरी आधी, शेतात.

शेत

प्रयोग त्याच्या वडिलांच्या रानात, मंगळवेढा तालुक्यात. वाण मालदांडी ३५-१, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीनं तयार झालेला आणि आजही भाकरीसाठी आपल्याकडे पहिली पसंती असलेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही ज्वारी पावसावर वाढत नाही, पाऊस सरल्यावर काळ्या रानानं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. म्हणूनच ताणाचा अभ्यास करायला तिच्याइतकं योग्य पीक नाही. निसवताना, म्हणजे कणीस बाहेर पडताना, ओल संपली की दाणा बारीक राहतो, खडखड्या रोग लागतो, ताटं आडवी होतात.

रानाला ओढ्याकडून माळाकडे चढ आहे. ओढ्याकडे काळी खोल माती, माळाकडे मुरमाड, हातभर खोल. म्हणून त्यानं चढाला आडवे चार पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यात दोन वाफे, एकाला दोन संरक्षित पाणी, दुसरा पूर्ण कोरडवाहू. कोणत्या वाफ्याला पाणी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. डिसेंबरमध्ये एका सकाळी त्यानं प्रत्येक वाफ्यातून चार झाडं निवडली, प्रत्येकाचं वरचं पान कापून द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकलं. पट्ट्यामागून पट्टा घेत गेल्यामुळे दोन्ही गटांच्या नमुन्यांची वेळ साधारण सारखी राहिली. वनस्पतींची कित्येक जनुकं घड्याळाप्रमाणे सकाळ-दुपार वरखाली होतात. आधी सगळे ओले आणि मग सगळे कोरडे वाफे घेतले असते तर ताण आणि ऊन यांची कायमची सरमिसळ झाली असती. हे त्यानं सहज केलं, पण अगदी बरोबर केलं.

एकूण ३२ नमुने, गटाला १६. कोणतं जनुक किती बोलतंय हे आरएनएवरून कळतं, तो काढून बाहेरच्या प्रयोगशाळेत वाचून घेतला. ज्वारीचा जीनोम २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ३४ हजार जनुकं आहेत. ज्यांची पातळी सर्वांत जास्त बदलते अशी ५,००० जनुकं त्यानं निवडली, प्रत्येक गटात प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढला (उणे १ ते अधिक १ मधला आकडा, १ म्हणजे दोघं अगदी जोडीनं वरखाली), आणि तो ०.८ च्या वर असेल तिथे रेघ मारली. दोन चित्रं तयार झाली.

जाळं कशासाठी, हा प्रश्न मला संख्याशास्त्राच्या मुलांकडून नेहमी येतो. एखादं जनुक ताणात जास्त बोलतं की कमी, हे पाहायची पद्धत वेगळी आणि जुनी आहे. जाळ्यात प्रश्न असा असतो की कोणती जनुकं एकमेकांच्या जोडीनं वरखाली होतात. सोलापुरात हे समजावायला मी चादरीचं उदाहरण देते. जेकार्ड मागावर कोणते उभे धागे एकत्र उचलले जाणार हे पत्त्यांवरची भोकं ठरवतात. धाग्यांचा रंग बदलला तर चादर वेगळी दिसते, पण नक्षी तीच राहते. पत्ते बदलले तर रंग तेच राहून नक्षी बदलते. माझ्या विद्यार्थ्याचं म्हणणं होतं की ताणात पत्तेच बदलतात.

०.८२ आणि ०.७८

मी त्याला उजव्या चित्रातली कोणतीही एक रेघ निवडायला सांगितली, आणि त्याच जोडीचा सहसंबंध पाणी दिलेल्या गटात किती आहे ते फाइलमधून काढायला लावलं. कोरडवाहू ०.८२, बागायत ०.७८. एका चित्रात रेघ आहे, दुसऱ्यात नाही, आणि आकड्यांत फरक जवळजवळ शून्य! कटऑफनं मधोमध कुंपण घातलं होतं, एवढंच.

दोन सहसंबंधांतला फरक तपासायला संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचं रूपांतर शंभर वर्षांपासून आहे. सहसंबंधाचं झेडमध्ये रूपांतर केलं की त्याची प्रमाणत्रुटी, म्हणजे योगायोगानं तो साधारण किती इकडेतिकडे होतो ते, फक्त नमुन्यांच्या संख्येवर ठरते, १ भागिले (संख्या वजा ३) चं वर्गमूळ. आपल्याकडे दोन्ही गटांत १६ नमुने, म्हणून फरकाची प्रमाणत्रुटी २/१३ चं वर्गमूळ, म्हणजे ०.३९. आता ०.८२ चा झेड १.१६ आणि ०.७८ चा १.०५. फरक ०.११, प्रमाणत्रुटीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. त्यात काहीच नाही.

"मग ०.८२ आणि ०.४५ असेल तर?" त्यानं विचारलं. झेडचा फरक ०.६७, प्रमाणत्रुटीच्या १.७१ पट, पी-मूल्य ०.०८७. पी-मूल्य म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, आणि ती ०.०५ च्या खाली असावी असा रिवाज. डोळ्यांना प्रचंड वाटणारा हा फरकसुद्धा १६-१६ नमुन्यांत निव्वळ योगायोगानं येऊ शकतो. हे त्यानं स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. नुसतं मी सांगून ते पटलं नसतं.

आणि ही एकाच जोडीची गोष्ट झाली. ५,००० जनुकांच्या जोड्या होतात १,२४,९७,५००. प्रत्येक जोडी ०.०५ च्या पातळीवर तपासली तर ताणाचा काडीचाही परिणाम नसताना सहा लाख पंचवीस हजारांच्या आसपास जोड्या 'बदलल्या' असं दिसेल. एवढ्या रेघांतून हवं तसं सुंदर चित्र कुणालाही काढता येईल. सर्वांत कडक दुरुस्ती लावली, म्हणजे ०.०५ ला जोड्यांच्या संख्येनं भागलं, तर फरक प्रमाणत्रुटीच्या जवळजवळ ५.९ पट असावा लागतो. १६-१६ नमुन्यांत त्याचा अर्थ असा की एका गटात सहसंबंध अधिक ०.८२ आणि दुसऱ्यात उणे ०.८२ असेल तेव्हा ती जोडी जेमतेम पार होईल. बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ ची पद्धत एवढी कठोर नाही, चुकीच्या शोधांचं प्रमाण आटोक्यात ठेवून ती बरंच सोडून देते. पण तिलाही १६ नमुन्यांतून नसलेली माहिती काढता येत नाही.

थोडक्यात, जोडीजोडीनं जायचा रस्ता या प्रयोगाला बंद होता. तो प्रिंट गुंडाळायला लागला. मी म्हणाले, "थांब. इथे फक्त पहिला दरवाजा लागलाय."

निसवलेली आणि न निसवलेली

मला त्याहून जास्त खटकत होती ती जाळ्याची घनता. कोरडवाहूत रेघा इतक्या जास्त का? ताणात काही जोड्या तुटाव्यात, काही जुळाव्यात, हे समजू शकतं. जवळजवळ सगळ्याच बाजूंनी जाळं घट्ट होत असेल तर त्या गटात एखादी एकच मोठी गोष्ट सगळ्या जनुकांना एकदम ओढतेय, अशी शंका घ्यायला हवी.

त्यानं प्रत्येक झाडाचा मोबाइलवर फोटो काढला होता, बुडाशी नंबराची चिठ्ठी ठेवून. आम्ही ३२ फोटो ओळीनं पाहिले. पाणी दिलेली सोळाच्या सोळा झाडं फुलोऱ्यात होती, कणसावर पिवळे परागकोश लोंबताना स्पष्ट दिसत होते. कोरडवाहूतली नऊ फुलोऱ्यात, सात अजून पोटरीत, म्हणजे कणीस पानाच्या आवरणातच. ओढ्याकडच्या पट्ट्यात चारही निसवलेली, पुढच्यात तीन, त्यापुढच्यात दोन, आणि माळाकडच्या पट्ट्यात एकही नाही. फोनवर त्याच्या अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "कोरड्या रानात सगळं एकसारखं निसवतंय व्हय बाई? ओल जिथं हाय तिथं आधी, मुरमाडाला मागनं."

ज्वारी पोटरीतून फुलोऱ्यात जाते तेव्हा वरच्या पानातली हजारो जनुकं एकदम दिशा बदलतात. एका गटात दोन्ही अवस्थांची झाडं मिसळली तर त्या सगळ्या जनुकांचे सहसंबंध फुगतात, त्यांचा आपसात काडीचा संबंध नसला तरी. फळ्यावर मांडायला मी सहाच झाडं घेते. पोटरीतल्या तीन झाडांत पहिल्या जनुकाची पातळी १, २, ३ आणि दुसऱ्याची २, १, २. फुलोऱ्यातल्या तीन झाडांत पहिल्याची ७, ८, ९ आणि दुसऱ्याची ८, ७, ८. प्रत्येक अवस्थेत वेगवेगळा काढला तर सहसंबंध शून्य, अगदी पूर्ण शून्य. सहाही झाडं एकत्र घेतली तर ०.९५. त्याच्या नियमानुसार इथे ठळक रेघ आली असती.

याची दुसरी बाजू डाव्या चित्राला लागू पडते. पाणी दिलेली झाडं सगळी एका अवस्थेत, एका तब्येतीची. जिथे चढउतारच नाहीत तिथे दोन जनुकं जोडीनं वरखाली होतात की नाही हे दिसणार कसं? विरळ जाळ्याचा अर्थ 'जुळणी नाही' असा होत नाही. एखादं जनुक एका गटात जवळजवळ बंद पडलं तरी हेच घडतं. मोजणीचा गोंगाट उरतो, सहसंबंध पडतो, आणि चित्रात ते जनुक 'एकटं पडलं' असं दिसतं.

मग अवस्थेचा आणि पट्ट्याचा परिणाम वजा करायचा का? यावर आमचा बराच वेळ गेला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत अवघड निर्णय होता. निसवण लांबणं हा ताणाचाच परिणाम आहे. तो वजा केला तर ताणानं जे केलं त्यातला एक तुकडा आपण स्वतःच्या हातानं काढून टाकतो. वजा केला नाही तर झाडांच्या वयातला फरक आपण जनुकांची जुळणी म्हणून विकतो. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण ते दोन वेगळे प्रश्न आहेत. 'ताणातल्या रानात एकूण काय दिसतं' हा एक, आणि 'एकाच अवस्थेतल्या झाडांत ताणामुळे जुळणी बदलते का' हा दुसरा. त्याच्या शीर्षकात दुसरा प्रश्न होता, चित्रात पहिल्याचं उत्तर होतं. दुसराच विचारायचा असं ठरलं.

प्रत्येक जनुकातून पट्ट्याची सरासरी आणि अवस्थेचा फरक काढून उरलेल्या भागावर सहसंबंध पुन्हा काढले. उजवीकडची गुंतवळ बऱ्याच अंशी विरली. पाच-सहा ठळक ठिपक्यांपैकी एकही पूर्वीसारखा ठळक राहिला नाही. त्या संध्याकाळी तो फारसं बोलला नाही. आठ महिन्यांची मेहनत होती ती, आणि आरएनए वाचून घ्यायला शिष्यवृत्तीतली जवळजवळ सगळी रक्कम गेली होती.

जोडीऐवजी मॉड्यूल

पुढच्या आठवड्यात आम्ही प्रश्नाचा आकार बदलला. सव्वा कोटी जोड्यांऐवजी जनुकांचे गट, म्हणजे मॉड्यूल घ्यायचे. हॉर्व्हाथ आणि सहकाऱ्यांची डब्ल्यूजीसीएनए पद्धत हेच करते. ती ठाम कटऑफ लावत नाही, सहसंबंधाला त्यानंच पुन्हा पुन्हा गुणून त्याचा घात घेते, म्हणजे लहान सहसंबंध आपोआप दबतात आणि ०.७८ व ०.८२ यांच्यामध्ये भिंत उभी राहत नाही. १५ पेक्षा कमी नमुन्यांवर ही पद्धत वापरू नये असं तिच्या कर्त्यांनीच सांगितलं आहे. आपण त्या रेषेच्या जेमतेम पलीकडे होतो, तेही वजाबाक्या करण्याआधी.

दोन्ही गटांची झाडं एकत्र घेऊन, गटाची सरासरी काढून टाकून मॉड्यूल पाडले. एकाच गटातून पाडले असते तर ते त्या गटातल्या योगायोगांना चिकटून बसले असते आणि दुसऱ्या गटात हमखास 'तुटलेले' दिसले असते. मग प्रत्येक मॉड्यूलसाठी एकच आकडा : त्यातल्या सगळ्या जोड्यांच्या सहसंबंधांत दोन गटांमध्ये सरासरी किती फरक आहे, चिन्ह सोडून. ४० जनुकांच्या मॉड्यूलात ७८० जोड्या असतात, त्या सगळ्या मिळून एक आकडा देतात आणि एकेका जोडीचा गोंगाट बराचसा एकमेकांत जिरतो.

हा आकडा मोठा की लहान हे ठरवायला सूत्र नाही, कारण त्या ७८० जोड्या एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. म्हणून चिठ्ठ्या फिरवायच्या. 'पाणी' आणि 'कोरडं' ही लेबलं झाडांमध्ये पुन्हा पुन्हा वाटायची, दर वेळी तोच आकडा काढायचा, आणि खरा आकडा त्या गर्दीत कुठे बसतो ते पाहायचं. एक काळजी इथे अनेकांकडून राहून जाते. लेबलं फिरवण्याआधी प्रत्येक जनुकातून त्याच्या खऱ्या गटाची सरासरी वजा केलीच पाहिजे. नाहीतर फिरवलेल्या गटात ओली-कोरडी झाडं मिसळतात आणि वर दाखवलेला सहा झाडांचा खेळ पुन्हा सुरू होतो, फक्त पोटरीच्या जागी पाणी येतं.

आम्ही पट्ट्याच्या आतल्या आत लेबलं फिरवली. पट्ट्यात आठ झाडं, त्यातली चार निवडायचे ७० प्रकार, चार पट्ट्यांचे मिळून २,४०,१०,००० प्रकार. त्यातले १०,००० यादृच्छिक घेतले. दोन-तीन मॉड्यूल स्पष्टपणे वेगळे निघाले. त्यातल्या एकात पेशीतलं पाणी टिकवणाऱ्या प्रथिनांची, म्हणजे डीहायड्रिन आणि एलईए प्रथिनांची जनुकं होती. जीवशास्त्राच्या दृष्टीनं अगदी जिथे असायला हवा तिथेच फरक. त्याचा चेहरा उजळला, आणि खरं सांगायचं तर माझाही. आता प्रकरण लिही, असं मी त्याला सांगून टाकलं.

"झाडं मोजून कोण पानी सोडतंय?"

जूनमध्ये त्याचे अप्पा काही कामासाठी सोलापुरात आले होते, लेकाबरोबर घरी आले. आम्ही केलेला खेळ मी त्यांना कागदावर काढून दाखवला : हे आठ ठिपके एका पट्ट्यातले, ह्यांची लेबलं अशी फिरवली, ह्या झाडाला पाणी मिळालं आणि त्या शेजारच्याला नाही असं समजलं. ते नीट बघत होते. मग म्हणाले, "पण बाई, एका वाफ्याला पानी एकदाच सुटतंय की. झाडं मोजून कोण पानी सोडतंय?"

मी गप्प बसले. चिठ्ठी वाफ्यासाठी टाकली होती. एका वाफ्यातल्या चार झाडांतल्या एकाला पाणी आणि तिघांना नाही, ही वाटणी शेतात कधीच शक्य नव्हती. मग ती शक्यता मोजणीत धरायचा मला काय अधिकार? एका वाफ्यातली झाडं एकाच मातीची, एकाच ओलीची, एकाच किडीच्या वाट्याला आलेली. ती चार वेगळे साक्षीदार नाहीत. परिस्थितिशास्त्रात हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, म्हटलं, आणि मी तो धडा वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले होते. जनुकजाळ्याच्या नव्या कपड्यात तीच चूक आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

वाफ्यांची लेबलं फिरवायची तर प्रत्येक पट्ट्यात दोनच प्रकार, चार पट्ट्यांत १६. आमच्या आकड्यात फरकाची दिशा धरलेली नव्हती, त्यामुळे सगळी लेबलं उलटी केली तरी तोच आकडा येतो, म्हणजे खरे वेगळे प्रकार आठच. आठांत आपला आकडा सर्वांत मोठा निघाला तरी पी-मूल्य १/८, म्हणजे ०.१२५. दिशा आधीच ठरवली असती तरी १/१६, म्हणजे ०.०६२५. या प्रयोगात निसर्गानं कितीही मोठा फरक समोर ठेवला असता, तरी ०.०५ च्या खाली जायची वाटच नव्हती. दोन कोटी चाळीस लाख प्रकार आणि आठ प्रकार यांच्यातलं अंतर म्हणजे आम्ही स्वतःला दिलेली खोटी खात्री होती.

ज्या फिशरांचं झेड आम्ही पहिल्या दिवशी वापरलं, ते १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात रुजू झाले आणि पट्टे पाडून चिठ्ठ्यांनी वाफे वाटण्याची पद्धत त्यांनी तिथेच उभी केली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या अंदाजासाठी शेतातली जागा यादृच्छिक निवडण्याचं शास्त्र देशभर रुजवलं. आपल्या विषयाचा पाया रानात घातला गेलाय. ५,००० जनुकांच्या फायली समोर आल्या की आपल्याला रानाचा विसर पडतो, आणि मग एका शेतकऱ्याला आठवण करून द्यावी लागते.

इतर पद्धती वापरून सुटका होईल का?

हे त्यानं विचारलं, आणि विचारणं स्वाभाविक होतं. त्यानं जॉइंट ग्राफिकल लासोबद्दल वाचलं होतं. डॅनहर, वांग आणि विटन यांनी २०१४ साली मांडलेली ही पद्धत दोन्ही गटांची जाळी एकत्र बसवते आणि मुद्दाम एकमेकांसारखी व्हायला भाग पाडते. पुरेसा पुरावा असेल तिथेच फरक राहू देते. शिवाय ती साधा सहसंबंध घेत नाही, बाकीची जनुकं स्थिर धरून उरणारा आंशिक सहसंबंध घेते, त्यामुळे तिसऱ्याच जनुकामुळे दिसणाऱ्या रेघा गळतात. मला ही पद्धत आवडते. ४० जनुकांच्या एका मॉड्यूलवर आम्ही ती लावूनही पाहिली. पण तिच्यात दोन बटणं आहेत, रेघा किती कमी ठेवायच्या आणि दोन जाळी किती सारखी ठेवायची. ती फिरवली की उत्तर बदलतं. पी-मूल्य ती देत नाही. आणि मुख्य म्हणजे कोणतीही पद्धत आठ वाफ्यांचे बत्तीस करू शकत नाही.

मॉड्यूल टिकतं का हे पाहण्याची लँगफेल्डर आणि सहकाऱ्यांची २०११ ची पद्धत मात्र इथे उपयोगी पडणारी आहे. एका ठिकाणी सापडलेलं मॉड्यूल दुसऱ्या ठिकाणच्या माहितीत घट्ट राहतं का, ह्याच्या अनेक खुणा एकत्र करून ती झेड-समरी नावाचा एक आकडा देते. १० च्या वर असेल तर टिकल्याचा भक्कम पुरावा, २ च्या खाली असेल तर पुरावा नाही. 'पुरावा नाही' हे 'जुळणी बदलली' याच्याशी समानार्थी नाही, हे मी त्याला दोनदा लिहायला लावलं. नमुने थोडे असले की हा आकडा आपोआपच खाली येतो.

पडताळणीसाठी खुली माहितीही आहे. कॅलिफोर्नियात शेतात वाढवलेल्या ज्वारीच्या दोन वाणांवर, आरटीएक्स ४३० आणि बीटीएक्स ६४२, ताणाचा मोठा अभ्यास झाला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. पेरणीनंतर आठवड्यामागून आठवडे घेतलेले जवळजवळ ४०० नमुने. बीटीएक्स ६४२ हा फुलोऱ्यानंतरच्या ताणात पान हिरवं राखणारा वाण आहे. ती माती आपली नाही, ते वाण मालदांडी नाहीत. पण डीहायड्रिनचं मॉड्यूल तिथेही एकत्र राहत असेल तर ते मॉड्यूल म्हणून खरं आहे, एवढं तरी म्हणता येईल. ते काम तो सध्या करतोय.

प्रबंधातलं प्रकरण अखेर छोटं झालं. दोन चित्रं गेली. शीर्षकातली 'नव्याने जुळणी' गेली. अवस्था मिसळली की जाळं कसं फुगतं हे त्यात आहे, वजाबाकीआधीचं आणि नंतरचं जाळं शेजारी शेजारी आहे, आणि डीहायड्रिनच्या मॉड्यूलातला फरक 'पुढे तपासण्याजोगा' म्हणून, वाफ्यांच्या आठ प्रकारांच्या पी-मूल्यासह दिला आहे. त्याच्या मार्गदर्शकांना आधी हे रुचलं नाही, मग वाफ्यांचा तक्ता पाहून त्यांनी मान्य केलं.

पुढचा रब्बी

उरला प्रश्न पुढच्या हंगामाचा. पैसे ३२ नमुन्यांपुरतेच. मी त्याला तोच हिशेब उलटा करायला सांगितला : ०.०५ च्या खाली जायला किमान किती पट्टे लागतील? पाच पट्ट्यांत १६ वेगळे प्रकार, १/१६. पुरत नाही. सहा पट्ट्यांत ३२, १/३२ म्हणजे ०.०३. आठ पट्टे केले तर १२८ प्रकार, आणि सर्वांत लहान शक्य पी-मूल्य ०.००८. आठ पट्टे, पट्ट्याला दोन वाफे, वाफ्याला दोनच झाडं. नमुने पुन्हा ३२. खर्च तोच.

झाडं तारखेवरून घ्यायची नाहीत, अवस्थेवरून घ्यायची, हेही ठरलं. ज्या झाडाचं अर्धं कणीस फुलोऱ्यात आलं त्याला सुतळी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या वेळी पान घ्यायचं. यात एक तोटा आहे. कोरडवाहू झाडांचे नमुने काही दिवस मागून येतील आणि त्या दिवसांची थंडी-ऊन वेगळं असेल. म्हणून रोजचं तापमान नोंदवायचं, आणि प्रत्येक पट्ट्यातली चार-पाच झाडं जास्तीची जपून ठेवायची. निर्दोष मांडणी मला सुचली नाही, त्यालाही नाही. वयाच्या सरमिसळीपेक्षा काही दिवसांचा फरक आम्ही पत्करला.

सप्टेंबरच्या शेवटी मी मंगळवेढ्याला गेले. पाऊस उघडून वाफसा आला होता. दोरी लावून आठ पट्टे आखले होते, कोपऱ्यांवर बाभळीचे खुंट. स्टीलच्या पेल्यात चिठ्ठ्या टाकून एकेका पट्ट्यासाठी एक उचलली. सातव्या पट्ट्यात पाण्याची चिठ्ठी पलीकडच्या, बांधाकडच्या वाफ्याला लागली. अप्पा अस्वस्थ झाले. पाइप तिथवर पोचत नाही, अलीकडच्या वाफ्याला पाणी दिलं तर सगळं सोपं. "बाई, एवढी एक चिठ्ठी फिरवली तर काय बिघडतंय?"

मी काही म्हणायच्या आत पोरगाच म्हणाला, "नाही अप्पा. ती तशीच राहू दे."

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग रानाकडे. दुसऱ्या दिवशी ते तालुक्याला जाऊन पाइपचं एक बंडल घेऊन आले.